‘चालेल’ कोण म्हणालं?

सरांनी मला फसवलं. बिल्डरने नाही, सरांनी. बिल्डर फसवतो तेव्हा तो त्याचा धंदा करत असतो, त्याचा मला राग नाही. मीही धंदेवाला आहे. पण सर आमच्या बाजूचे होते. त्यांनी बिल्डरसमोर एक शब्द उच्चारला आणि तो माझ्या नावावर लागला. आज आमच्या नाहूरच्या सोसायटीत कोणालाही विचारा, तो माझ्याकडे बोट दाखवेल. तो शब्द म्हणजे ‘चालेल’. मी कुठल्याही सौद्यात पहिल्या फटक्यात ‘चालेल’ म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा नाही.

माझा धंदा जुन्या दारा-खिडक्यांचा. पाडलेल्या चाळींमधल्या सागवानी चौकटी डोक्यावरून वाहत मी सुरुवात केली, आता घाटकोपरला माझा गाळा आहे. मला कोणी काही शिकवलं नाही. सौद्याची माझी पद्धत माझी मीच बसवली. गोष्ट जमत नसली की मी ताडकन उठतो, समोरच्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो आणि निघून जातो. पण छत्री तिथेच ठेवतो. ऐन उन्हाळ्यात माझ्या हातात छत्री दिसते ती याचसाठी. कोपऱ्यापर्यंत जायचं, छत्री आठवली म्हणून परत यायचं. तोवर समोरचा मऊ झालेला असतो. राग आणि छत्री, या दोन गोष्टींवर मी घर उभं केलं. त्यातला राग सरांनी काढून घेतला, आणि नेमका नको त्या दिवशी.

सर आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन बोरिवलीला. मुलुंडच्या एका कॉलेजात त्यांनी हयातभर शरीरशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर कापायला बेडूक राहिले नाहीत, म्हणून त्यांनी सोसायटी घेतली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उजव्या हाताची दोन बोटं कायम पुढे, पेटीवर ठेवायला निघाल्यासारखी. ती बोटं तुमच्या मनगटावर जायची. सर नाडी बघितल्याशिवाय कोणाशी बोलत नसत. नमस्काराच्या जागी नाडी.

भाजीवाल्याचंही तेच. एकदा मी शेजारी उभा होतो.

“मेथी कशी दिलीस?” सरांनी विचारलं आणि त्याचं मनगट धरलं.

“सर, हात सोडा ना. गिऱ्हाइकं बघतायत.”

“ताजी आहे?”

“एकदम ताजी. सकाळचीच.”

“नाडी पळतेय तुझी. कालची आहे.”

“सर, तुम्ही हात धरलात म्हणून पळतेय!”

सरांनी यावर मनापासून विचार केला. “हाही मुद्दा आहे,” म्हणाले, आणि मेथी न घेता निघून गेले.

त्यांच्या दाराची बेल वाजवली की ते उघडत नसत. दाराच्या आत उभे राहायचे. अचानक बेल वाजली की शरीरात भीतीचं रसायन सुटतं, आणि त्या अवस्थेत दार उघडणारा माणूस काहीही कबूल करून बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते सगळं शांत होईपर्यंत थांबायचे. तोपर्यंत कुरियरवाला गेलेला असायचा, गॅसवालाही सिलेंडर परत घेऊन गेलेला असायचा. मग सर शांत मनाने आमच्याकडे जेवायला यायचे. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचे, त्याची रिंग दचकवू नये म्हणून. त्यांच्या मुलीचा फोन त्यामुळे नेहमी माझ्या आईकडे यायचा.

ते रसायन मला त्यांनी शंभरदा समजावलं. आमच्या जिन्यात बसून, माझं मनगट धरून.

“हे बघ, दरवाजेवाल्या,” ते मला याच नावाने हाक मारत, “भीती वाटली की आधी वॉचमन शिट्टी फुंकतो. ते अ‍ॅड्रेनलिन. लगेच येतं, लगेच जातं. मागून पोलिसांची गाडी येते. ते कॉर्टिसोल. ती उशिरा येते, पण आली की नेमकी आठवणींच्या कपाटासमोर पार्क होते. आतलं काही काढता येत नाही. परीक्षेत हुशार पोरगी कोरी बसते ना, ती यामुळे.”

“मग करायचं काय?”

“काही नाही करायचं. गाडी जाईपर्यंत तोंड बंद. उतरू दे, मग बोल.”

‘उतरू दे, मग बोल’ हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. नवराबायकोचं भांडण असो की पाण्याच्या टाकीवरून मारामारी, सर मध्ये उभे राहून दोघांची मनगटं धरायचे आणि ‘उतरू दे’ म्हणायचे. आधी दोघं एकमेकांवर ओरडत असत, मग दोघं मिळून सरांवर ओरडत. भांडण मिटायचं हे मात्र खरं.

मी त्यांचं एवढं ऐकायचो याला कारण आहे. माझे बाबा तिसऱ्या मजल्यावर, आमच्या घरात कोसळले. लिफ्ट नव्हतीच. अ‍ॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन वर आले आणि म्हणाले, हे जिन्याच्या वळणावर वळत नाही. मग आम्ही बाबांना चादरीत घातलं आणि चार टोकं धरून खाली आणलं. प्रत्येक वळणावर थांबत, त्यांना तिरकं करत, पुन्हा सरळ करत. खाली पोचलो तेव्हा गाडीतल्या माणसाने नुसती मान हलवली. मिलमध्ये उभं राहून पाय झिजवलेला माणूस आपल्याच जिन्यात गेला.

नंतर कित्येक दिवस मला फक्त ती चादर आठवायची. निळी, तिच्यावर हिरवे पोपट. एका पोपटाची चोच उसवलेली. तो उसवलेला दोरा मी आजही काढून दाखवीन. पण माझ्यासमोरचं टोक कोणी धरलं होतं ते मला आठवेना. सरांनी सांगितलं, “असंच होतं. भीतीत माणसाला सुरी आठवते, सुरी धरणाऱ्याचा चेहरा नाही. समोरचं टोक मी धरलं होतं.” आई म्हणते, ते बिल्डिंगमधले कांबळे होते. मी सरांचं मानलं. एवढंच सांगतो की त्या टोकासाठी मी सरांना पुढे सगळं माफ करत गेलो.

बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा बोलणी करायला चौघं निवडले. अध्यक्ष सर. सेक्रेटरी कांबळे, बँकेत नोकरी, सरळ माणूस. चव्हाणवहिनी, कारण त्या कोणालाच घाबरत नाहीत. आणि मी, कारण सौदा करायचा होता. बाकी सगळं हळूहळू ठरत आलं होतं. राहिली होती लिफ्ट. बिल्डर म्हणत होता, नियमात बसते तेवढीच छोटी देतो. मी म्हणत होतो, स्ट्रेचर आडवं जाईल एवढी पाहिजे. मला त्या बिल्डिंगमध्ये दुसरं काहीच नको होतं. आईचे गुडघे गेलेले, आम्हाला सहावा मजला येणार होता. माझ्या घरातून पुन्हा कोणी चादरीतून उतरणार नाही, एवढंच मला बघायचं होतं.

सरांनी आमची तयारी घेतली. सोसायटीच्या ऑफिसात एक बादली आली. तिच्यात बर्फ. बर्फात हात घातला की शरीराला तीच भीती बसते जी बिल्डरला बघून बसते, असं सरांचं शास्त्र. त्या थंडीत वाक्य पाठ झालं की बिल्डरसमोरही आठवणार. बर्फ त्यांनी मासळी बाजारातून आणला होता, कारण तो जवळ पडतो.

चव्हाणवहिनींनी हात घातला. “सर, यात बोंबील होते का हो?”

“वहिनी, बर्फाकडे लक्ष नको. वाक्य म्हणा.”

“स्ट्रेचर आडवं जाईल अशी… आई गं! सर, बोटं गेली माझी!”

“जाऊ देत. लिफ्ट म्हणा.”

“लिफ्ट! लिफ्ट! झालं, काढू?”

कांबळेंचा हात आत असताना सरांनी त्यांना घरचा पिनकोड विचारला. कांबळेंना पिनकोड आठवेना. मग फोन नंबर आठवेना. “सर, मला भीती वाटतेय,” ते म्हणाले. सर आनंदाने टाळी वाजवून ओरडले, “आली! पोलिसांची गाडी आली!” सगळ्यांत जास्त वेळ हात मी ठेवला. वाक्य म्हणालो, आणि दर वाक्यामागे बिल्डरला एक शिवी घातली. सरांना ते आवडलं नाही.

“तू तिथे बोलायचं नाहीस,” ते म्हणाले.

“मग मला नेताय कशाला? शोभेला?”

“अरे, तुझा राग म्हणजे काय? भीतीच. फक्त शर्ट बदललाय तिने. मी तुझं मनगट धरून बसेन. नाडी उतरली की मी हात सोडेन, मग तू बोल. तेव्हा तू जे बोलशील ते डोक्यातून येईल.”

माझा राग डोक्यातूनच येतो, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण त्या चादरीच्या टोकाने माझं तोंड धरलं. मी ‘बरं’ म्हणालो.

बिल्डरचं ऑफिस मुलुंडला होतं. आम्हाला बाहेर भरपूर बसवून ठेवलं, मग आत घेतलं. मोठं टेबल, त्यावर काचेचा घोडा. सरांनी बसल्या बसल्या बिल्डरला विनंती केली की एसी अजून वाढवा, आमचा अभ्यास थंडीत झालाय.

“काका, अजून थंड?” बिल्डरने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

एसी वाढला. सरांची दोन बोटं माझ्या मनगटावर बसली. बिल्डर अर्धा उठून म्हणाला, “बघा, मला टाइम नाही. लिफ्ट नेहमीची देतो. दोन देतो. चकाचक, आरसा लावून. चालेल तर सांगा, नाहीतर बाजूची सोसायटी खाली बसलीय, त्यांना वर बोलावतो.” आणि तो खरंच दाराकडे निघाला.

मी बघितलं, त्याचा मोबाइल टेबलावरच होता, घोड्याच्या पायाशी. ती त्याची छत्री होती! मला हसू फुटणार होतं. बाजूची सोसायटी वगैरे काही नव्हतं. हा कोपऱ्यापर्यंत जाणार आणि परत येणार. नुसतं बसून राहायचं, आणि आला की म्हणायचं, शेठ, मोबाइल राहिला वाटतं. त्या क्षणापासून सौदा माझा होता. मी तोंड उघडलं. सरांची बोटं घट्ट झाली. मी मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायचं असताना गप्प बसलो.

आणि त्या शांततेत आवाज आला, “चालेल, चालेल! बसा हो, बसा तुम्ही! चालेल!”

आवाज एवढा बारीक होता की मला आधी वाटलं, दुसरंच कोणी आत आलं. मी वळून बघितलं. सर होते. चेहरा पांढरा, आणि माझ्या मनगटावरची बोटं त्या बादलीतल्या बर्फाइतकी गार. हयातभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या, स्वतःची मोजायची राहून गेली. बिल्डर परत येऊन बसला. मोबाइल उचलून त्याने खिशात टाकला.

खाली उसाच्या गुऱ्हाळावर आम्ही थांबलो. मी तोंड उघडायच्या आत सर माझ्याकडे वळले. रडवेला चेहरा.

“अरे, तू अशी घाई का केलीस?”

मी ग्लास खाली ठेवला. “मी?”

“मी तुझा हात दाबत होतो रे. एवढं समजावलं होतं तुला.”

“सर, तुम्ही म्हणालात. तुम्ही! कांबळे, सांगा यांना.”

कांबळे सरळ माणूस. खूप आठवून त्यांनी सांगितलं, “मला तुमचाच आवाज ऐकू आला. आणि तुम्ही टेबलावर हात आपटलात.”

“हात? माझा हात सरांच्या हातात होता!”

“दुसरा आपटला असेल.”

चव्हाणवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला बाई तो घोडाच आठवतोय. पुढचा डावा पाय वर होता.” सर म्हणाले, उजवा. कांबळे म्हणाले, दोन्ही खाली होते. पुढचा सगळा वेळ घोड्याच्या पायावर गेला.

भीतीत सुरी आठवते, चेहरा आठवत नाही. मग चेहऱ्याच्या जागी माणूस काय बसवतो? जो नेहमी तिथे असतो तो. आमच्या सोसायटीत जिथे आवाज, तिथे मी. म्हणून आवाज माझा. शास्त्र सरांनीच शिकवलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता थांबली. “तू गप रवलस? माका सांगतस?” म्हणाली, आणि पुन्हा खडे काढायला लागली. पुढे सर्वसाधारण सभेत मी तो मुद्दा काढला. मी त्या दिवशी ओरडलो नव्हतो, हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही. छोट्या लिफ्टसकट ठराव पास झाला.

बिल्डिंग झाली. सात मजली, बाहेरून झकास. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात आपण किती कमी जागेत उभे आहोत ते दोन्ही बाजूंनी दिसतं. माझ्या घराचं दार मी गाळ्यातून आणलं, जुनं सागवानी, तेही लिफ्टमध्ये तिरपं उभं करून न्यावं लागलं. लोक ये-जा करताना म्हणायचे, “तुम्हीच तर चालेल म्हणालात ना!” सर पाचव्या मजल्यावर राहायला आले. भेटले की माझं मनगट धरायचे आणि खरोखर मायेने म्हणायचे, “मी कोणाला काही बोलत नाही हं. होतं माणसाकडून.” त्यांनी मला माफ केलं होतं! याचा संताप अजून उतरलेला नाही.

मग सर बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं. मी आवाज ऐकून खाली धावलो. अ‍ॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले, लिफ्ट उघडली, आणि मला पुढचं वाक्य आधीच पाठ होतं.

“काका उभे राहतील का?”

“मांडी मोडलीय त्यांची! उभे कुठून राहणार?”

“मग जिन्याने न्यायचं? हा जिनाही अरुंद आहे हो.”

दार कसं नेतात ते मला ठाऊक आहे. मी सरांना स्ट्रेचरला बांधलं. छातीशी, कमरेशी, पायांशी, चादरी फाडून. मग स्ट्रेचर तिरपं उभं केलं आणि लिफ्टमध्ये घातलं. सर किंचाळले. आत ते आणि त्यांना आधार द्यायला एक माणूस, एवढीच जागा. तो माणूस मी. बाकीचे जिन्याने धावले. दार बंद झालं.

सरांनी माझं मनगट पकडलं. या वेळी दोन बोटांनी नाही, पाचही बोटांनी. घामाने निथळत होते. आरशात आम्ही दोघं दिसत होतो.

“ती लिफ्ट,” ते म्हणाले.

“बोलू नका सर.”

“चालेल मी म्हणालो रे. मीच. तो निघाला आणि माझं सगळं गेलं. तू गप्प होतास. तू ऐकलंस माझं.”

“काय म्हणालात? पुन्हा बोला. सर, पुन्हा बोला!”

दार उघडलं. खाली सगळी सोसायटी उभी होती. कांबळेंनी जे बघितलं ते असं: बांधलेला म्हातारा विव्हळतोय आणि मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडतोय.

ऑपरेशन झालं, सर बरे झाले. मी हॉस्पिटलात रोज जायचो, संत्री घेऊन. तिसऱ्या का चौथ्या भेटीत विषय काढला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मला लिफ्टमधलं काही आठवत नाही,” ते म्हणाले. “दुखणं आठवतं. आणि आरशाच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवलेली होती, ती. लाल.”

“तुम्ही कबूल केलंत सर. माझ्या कानांनी ऐकलं.”

“तुझंही कॉर्टिसोल वाढलेलं होतं रे तेव्हा. आणि इतकी वर्षं तुला तेच ऐकायचं होतं. तू ऐकलंस ते मी बोललोच, हे कशावरून?”

मी परत येऊन लिफ्टचा आरसा बघितला. कोपऱ्यात टिकली होती. लाल. म्हणजे यांना टिकली आठवते.

आता ते मुलीकडे बोरिवलीला असतात. मागच्या महिन्यात मी गेलो. तिथल्या लिफ्टमध्ये शिरल्यावर मी खिशातली टेप काढून माप घेतलं; स्ट्रेचर आडवं जाऊन शिवाय दोन माणसं उभी राहतील. सर खिडकीशी बसले होते, काठी घेऊन. मी सौदा टाकला. सभेत नको, कांबळेंसमोर नको. फक्त आईला फोन करून सांगा की तुमचा मुलगा त्या दिवशी गप्प होता. बाकी सगळं सोडतो.

सरांचे डोळे भरून आले. “आठवत नाही त्याची साक्ष कशी देऊ रे? देतो म्हणालो तर तेही खोटंच होईल. बघू, हात दे. तुझी नाडी…”

मी हात मागे घेतला, ताडकन उठलो, आणि शिव्या न देता बाहेर पडलो.

छत्री तिथेच आहे, सर. तुमच्या खुर्चीमागे. ती घ्यायला मी येणार आहे. तुमच्याच हिशेबाने उतरायला हवं होतं ते सगळं केव्हाच उतरलंय, आता बोला. चालेल कोण म्हणालं? आणि आई सहाव्या मजल्यावर आहे, गुडघे पार गेलेत, आता ती घराबाहेर पडत नाही. तिला मी दारासारखी उभी बांधून नेणार नाही. जिन्याने नेईन, चादरीतून. एक टोक माझ्या हातात असेल. समोरचं कोण धरणार, तेही सांगा.